एकोपा यानावरचं मयत

मला त्यांनी पायलट म्हणून घेतलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. सिनेमा बघून ते कुणाला कळायचं नाही.

गोष्ट काही फार थोर नव्हती. आपल्या देशाचं पहिलं अवकाशयान दूरच्या कुठल्याशा चंद्रावर जातं, तिथलं काहीतरी ओलं, चिकट, दात असलेलं यानात शिरतं आणि एकेकाला गिळायला लागतं. पण त्या यानाची पायलट, लेफ्टनंट रिनाई, मला वाचल्याबरोबर आवडली. तोंडाची फटकळ आणि हाताची स्थिर. तिची जमात कोणती, ती कुठल्या गावची, काही म्हणता काही लिहिलेलं नव्हतं. यान चालवायचं आणि चुकणाऱ्याला झापायचं, एवढंच तिचं काम. मी ऑडिशन दिली आणि निवडले गेले. मी समुद्रापलीकडच्या सारावाकची, इबान जमातीची. क्वालालंपूरला येऊन मला दहा वर्षं झाली होती आणि तोवर मी मालिकांमध्ये भांडी घासत होते, नाहीतर जाहिरातीत गोल फिरत नाचत होते. सारावाकची आहेस ना, मग नाचता येत असेलच, असं म्हणून मला गर्दीतून पुढे ओढायचे.

रिनाईसाठी मी विमान शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मागे लागले. उड्डाणाच्या वेळी हात कुठे असतो, नजर कुठे असते, घाबरलेला पायलट बोलतो कसा, सगळं त्याच्याकडून पिळून घेतलं. मग गावी आईला फोन केला. "इंदाय, मी यान चालवणार आहे." इंदाय म्हणजे आमच्याकडे आई. तिने संध्याकाळच्या आत आमच्या लांबघरातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून टाकलं. एका लांबच लांब ओसरीवर राहणारी माणसं आम्ही, बातमीला पाय फुटावे लागत नाहीत.

मग कुठल्यातरी निधीतून पैसे आले. अट एकच होती, की पडद्यावर देशातल्या सगळ्या जमाती दिसल्या पाहिजेत. यानाचं नाव बदलून एकोपा ठेवलं. तिथपासून माझं नशीब फिरलं.

आमचा दिग्दर्शक शाहरिन. लंडनला शिकलेला, आवाज मऊ, बोलताना उजवा हात छातीवर ठेवायची सवय. शाहरिन वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्याने मला कपड्यांच्या खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर पिसांचा एक भलामोठा मुकुट होता. धनेशाची पिसं, प्लास्टिकची.

"हे काय, बांग?" मी विचारलं. सेटवर त्याला सगळे बांग म्हणजे दादा म्हणत.

"तुझा मुकुट."

"आणि हेल्मेट?"

"हेल्मेट घातलंस तर तू इबान आहेस हे लोकांना कळणार कसं?"

"कशाला कळायला हवं? यान चालवायचंय ना मला?"

"लेमिया," त्याने हात छातीवर नेला, "लहान मुली बघणार आहेत हा सिनेमा. आपल्यासारखं कुणीतरी तिकडे वर आहे, हे त्यांना दिसायला नको?"

"आमच्या मुली शाळेत पिसं लावून जात नाहीत. वेण्या घालून जातात."

"मी तुझा मुद्दा ऐकतोय," तो म्हणाला.

त्याला मुद्दे ऐकायची भारी हौस. ऐकायचं, मान हलवायची, डोळ्यांत पाणी आणायचं आणि पिसं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी मी तो मुकुट घालून पायलटच्या खुर्चीत बसले, तर वरची पिसं छताला लागून मोडली. छत ठेंगणं होतं, खऱ्या यानासारखं मुद्दाम बांधलेलं. सगळे गोळा झाले, खाली-वर बघून झालं, खुर्ची खाली करून झाली. शेवटी तोडगा निघाला. मला वाटलं मुकुट काढतील. त्यांनी मला काढलं.

यान कॅप्टनने चालवायचं ठरलं. कॅप्टन गोरटेला, दाढी कोरलेला, जाहिरातीत चहा विकणारा हिरो. रिनाईने मागे उभं राहायचं, जिथे छत उंच होतं. उभं राहून करायचं काय? तर हुंगायचं. संकट जवळ आलं की रिनाईने नाक वर करून, डोळे मिटून म्हणायचं, "जंगल बोलतंय." यानात, अवकाशात, जंगल! मी ते वाक्य म्हटलं त्या दिवशी घरी जाऊन दोनदा दात घासले. तोंडाची चव गेली होती.

आमच्यात इंजिनवाला होता मुगिलन, क्लांगचा तमिळ, रंगमंचावर राजे केलेला माणूस. त्याच्या हातात त्यांनी पाना आणि दारूची बाटली दिली होती. जेवणाच्या सुट्टीत तो भाताची पुडी उघडत म्हणाला, "नवीन पानं वाचलीस का?"

"नाही. का?"

"तू मरतेस. सगळ्यात आधी."

"हट्."

"अगं खरंच. वासावरून त्या राक्षसाला शोधतेस, कॅप्टनच्या अंगावर झेप घेऊन त्याला वाचवतेस आणि मरतेस. मग कॅप्टन रडतो. तुझ्यामागे मी, बाटलीसकट. मग आपली चिनी शास्त्रज्ञ, ती हिशोब करता करता जाते. नंबर लावून मरायचंय, धक्काबुक्की करायची नाही."

"आणि कॅप्टन?"

"तो घरी जातो आणि आपली आठवण काढतो. मोठ्या मनाचा आहे."

मी हसले आणि माझा उरलेला भात त्याच्या पुडीत लोटला. सोडून का दिलं नाहीस, असं मला पुष्कळ लोक विचारतात. ज्यांना कधी काम मागायला दारोदार जावं लागलं नाही, ते लोक विचारतात. सही केलेली होती आणि दुसरीकडे माझ्यासाठी भांडीच होती.

रिनाईच्या मरणानंतर यानातच तिची अंत्ययात्रा दाखवायची होती. "अस्सल इबान पद्धतीने," शाहरिन म्हणायचा. आणि इथे त्याने खरी कमाल केली. माझ्या एका जुन्या मुलाखतीत मी सांगितलं होतं, की माझी आई मयताची गाणी म्हणते. तो न सांगता माझ्या आईला फोन करून मोकळा झाला. विमानाचं तिकीट पाठवलं. मला अंत्यविधीच्या शूटिंगच्या दिवशी, गळ्यापासून पोटापर्यंत राक्षसाची लाळ फासून घेत असताना कळलं. ती लाळ म्हणजे खळीत रंग कालवलेला चिकटा, वाळला की कातडी ओढायचा आणि आंबल्यासारखा वास मारायचा. मी तशीच उठून बाहेर आले, तर शूटिंगच्या गोदामाच्या दारात इंदाय. चर्चला जाताना घालते तो ब्लाउज, पाठीला वेताची टोपली आणि तोंडभर हसू.

"अगं बाई, हे काय सांडलंय तुझ्या अंगावर?"

"लाळ आहे. राक्षसाची."

"पुसून घे की," ती म्हणाली आणि माझ्या मागे बघायला लागली. "तुझं यान कुठंय?"

मी काय सांगणार? शाहरिन दोन्ही हात पसरून धावत आला. "आंटी! या, या. तुमच्या येण्याने हा सिनेमा पवित्र झाला." त्याने तिला खुर्ची दिली, कोपी म्हणजे इथली कॉफी दिली, दोनदा छातीवर हात ठेवला आणि मग समजावलं की लेमिया तिथे झोपणार आणि तुम्ही तिच्या उशाशी बसून गायचं.

इंदायने नीट ऐकून घेतलं. मयताचं गाणं म्हणजे काय, हे तुम्हाला एवढं तरी माहीत हवं की ते रडगाणं नाही. ते गाणं म्हणजे वाट. मेलेल्याचा जीव घरातच घुटमळत असतो. गाणारी बाई त्याला नावाने हाक मारून उठवते, चुलीचा निरोप घ्यायला लावते, शिडीवरून खाली उतरवते आणि पायरी पायरीने, नदीच्या वळणावळणाने, पलीकडच्या गावी नेऊन सोडते. रात्रभर चालतं ते. गाणाऱ्या बाईचाही जीव सोबत अर्ध्या वाटेपर्यंत जातो, म्हणून परत येता यावं यासाठी ती हातात लोखंड धरून बसते. जिवंत माणसावर ते कुणी म्हणत नाही. आमच्याकडे पोरं खेळतानासुद्धा त्याची नक्कल करत नाहीत.

"म्हणजे ह्यात ही मरते?" इंदायने विचारलं.

"बलिदान करते, आंटी. फार सुंदर आहे ते."

"मग यान कोण चालवतं?"

"कॅप्टन."

"त्याला येतं?"

मुगिलन मागच्या मागे तोंड फिरवून खोकायला लागला.

"आंटी," शाहरिनचा आवाज आणखी मऊ झाला, "आजवर तुमच्या लोकांना पडद्यावर कुणी दाखवलंच नाही. मला तुमचं सगळं जगाला दाखवायचंय."

"मेलेलं दाखवणार?" इंदाय म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारायचं म्हणून. ती पुढे म्हणाली, "ही माझी मुलगी आहे, बाबा. हिचा श्वास चाललाय. मी हिला वाट दाखवणार नाही." आणि कोपी संपवून, टोपली मांडीवर घेऊन ती कडेला जाऊन बसली.

मला वाटलं, सुटलो आम्ही. पण शाहरिन असा हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने ध्वनीवाल्याला खूण केली. कुठल्यातरी जुन्या संग्रहातली एक ध्वनिफीत त्यांनी आधीच आणून ठेवली होती. "अस्सल आहे," तो मला म्हणाला. "वर्षानुवर्षं कुणी ऐकलीसुद्धा नाहीये."

मला विणलेल्या चटईवर आडवं केलं, पिसं छातीवर ठेवली आणि कॅमेरे फिरले. कॅप्टन उशाशी गुडघे टेकून बसला. फीत सुरू झाली.

आधी खरखर. मग कोंबडा आरवला, कुणी म्हातारं खोकलं आणि एका बाईचा चिरका आवाज वर आला. मी मेलेली, डोळे मिटलेले. पण कान कसे मिटणार? माझी भाषा होती ती. ऊठ लांतिंग, ती म्हणत होती, ऊठ, चटई गुंडाळ, सुपारीचा डबा घे. चुलीला सांग मी निघालो. पोराच्या डोक्यावरून हात फिरव, पण त्याला उठवू नकोस. आणि तिच्या मागे कुणीतरी दुसरी बाई, तरुण असावी, तोंडात कापड कोंबून रडत होती. ते नाटकातलं रडणं नव्हतं. लांतिंग नावाचा एक माणूस खरंच त्या घरात मरून पडला होता आणि त्याच्या बायकोचं रडणं हे लोक माझ्या अंगावरच्या खळीच्या लाळेवर ओतत होते. आयुष्यात इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

लांतिंग शिडीपाशी आला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि कट्.

"सुंदर!" शाहरिन ओरडला. "फक्त कॅप्टन, एक अश्रू. डाव्या डोळ्यातून. पुन्हा."

पुन्हा खरखर, पुन्हा कोंबडा. ऊठ लांतिंग. चटई गुंडाळ. पोराच्या डोक्यावरून हात फिरव. शिडी. कट्. अश्रू आला तर तो उजव्या डोळ्यातून आला. पुन्हा. मग दिवा हलला. पुन्हा. मग एका पिसाला वारा लागला. बिचारा लांतिंग, दर वेळी उठायचा, बायकोपोराचा निरोप घ्यायचा, शिडीपर्यंत यायचा आणि तिथे पाय अधांतरी. मला गिळता येत नव्हतं, कारण मेलेल्याचा गळा हलून चालत नाही.

"थांबवा ते," असा आवाज आला. इंदाय दिव्यांच्या मधोमध येऊन उभी होती.

"आंटी, शॉट चाललाय."

"लांतिंगला कुठं सोडलंत?"

"कोण?" शाहरिनने इकडेतिकडे पाहिलं. "आपल्यात लांतिंग कोण आहे?"

लाइटवाल्यांपैकी एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की लांतिंग आज आलेला दिसत नाही.

"पुढचं लावा," इंदाय म्हणाली. "त्याला खाली उतरू द्या. नदीपर्यंत तरी जाऊ द्या."

ध्वनीवाला ओशाळला. "पुढचं नाही हो, आंटी. आम्ही एवढाच तुकडा घेतला. बाकीचं लागणार नव्हतं."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मशीनमागे बसला. मला ती काय विचार करतेय ते कळत होतं. दुसरी कुणी असती तर हात झटकून घरी गेली असती. त्या माणसाला मरून कितीतरी वर्षं झालेली, तो कधीच पोचला असणार, त्या रात्रीच्या गाणाऱ्या बाईने त्याला नेऊन सोडलं असणार. पण आज इथे त्याला नावाने हाका मारल्या, उठवलं आणि वाटेत टाकलं. आमच्यातल्या गाणाऱ्या बाईच्या कानावर हे पडलं, की तिला तसं उठून जाता येत नाही. मला ते वेडेपण वाटलं आणि मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

"मी नेते त्याला," ती म्हणाली. "जवळच्या वाटेने नेते, रात्रभर नको. पण हे त्याच्यासाठी. तुमच्या सिनेमासाठी नाही. ती यंत्रं बंद करा."

"अर्थातच, आंटी," शाहरिन म्हणाला. "अर्थातच. तुमचा मान आम्ही राखणार."

"लोखंड द्या मला हातात धरायला."

मुगिलनने कमरेचा पाना काढून दिला. तिने तो दाबून पाहिला तर तो स्पंजचा. "माफ करा, मावशी," तो म्हणाला. "माझं सगळंच असलं आहे." मग लाइटवाल्याने आपला खरा, तेलकट पाना दिला. तो मुठीत धरून ती गोदामाच्या फरशीवर बसली, चटईच्या बाजूला. मी उठून बाजूला झाले होते, कारण त्या जागेवर जिवंत माणसाने पडून राहायचं नसतं.

तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज आता थकलाय तिचा, पण खालच्या पट्टीत तो अजून तसाच धरून ठेवतो. उतर लांतिंग. दुसरी पायरी, तिसरी पायरी. ह्या लोकांचं मनावर घेऊ नकोस, ते तुझे कुणी नाहीत. खाली होडी आहे, तिच्यात बस. कॅप्टनच्या डाव्या डोळ्यातून, कुणी न सांगता, पाणी येत होतं.

आणि मला कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका दिसला.

आधी वाटलं विसरले असतील. मग शाहरिन दिसला. कॅमेऱ्यामागे वाकलेला, एक हात छातीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं गोल गोल फिरवत कॅमेरावाल्याला जवळ, आणखी जवळ, असं सांगणारा. त्याचा चेहरा भक्तिभावाने भरून आला होता. चोरी करणाऱ्या माणसाचा चेहरा निदान घाबरलेला असतो. हा माणूस माझ्या आईच्या तोंडावर खोटं बोलून, तिच्यासमोर उभा राहून, तिच्या हातातलं काढून घेत होता आणि त्याला भरून येत होतं. किळस किळस म्हणतात ती ही.

मी ओरडू शकत नव्हते. मध्ये आवाज झाला, ती थांबली, तर तिचाही जीव वाटेत अडकला असता. मी चालत गेले आणि कॅमेऱ्याच्या भिंगासमोर, नाकाला नाक लावून, उभी राहिले. वाळलेल्या लाळेसकट.

शाहरिन कानाशी आला. "लेमिया, बाजूला हो. काय घडतंय ते तुला कळत नाहीये."

"मला शब्द न् शब्द कळतोय."

"सगळं जग तुझ्या आईला ऐकेल. विचार कर."

"ती जगाशी बोलत नाहीये."

कॅमेरावाल्याने कॅमेरा डावीकडे सरकवला. मी डावीकडे सरकले. त्याने उजवीकडे नेला. मी उजवीकडे. बाजूच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपकाही पेटलेला दिसला आणि माझं काळीज तुटलं, कारण मी एकटीच. तेवढ्यात मुगिलन उठला. आयुष्यात पहिल्यांदा काही विनोद न करता तो चालत गेला आणि आपल्या रुंद पाठीने त्याने ते भिंग झाकून टाकलं.

"तू कराराने बांधलेली आहेस," शाहरिन कुजबुजला. आवाजातला मऊपणा पार गेला होता. "दिग्दर्शक सांगेल तिथे उभं राहायचं, असं लिहिलंय त्यात."

"रिनाईला सांग," मी म्हटलं. "तिला तू केव्हाच मारलंस. मेलेल्या बाईला कुठे उभं करायचं ते कर."

त्यानंतर त्याने बरंच काही म्हटलं. मी ऐकलं नाही. माझ्या पाठीमागे इंदाय लांतिंगला होडीतून उतरवत होती, काठावर त्याची माणसं उभी आहेत म्हणून सांगत होती, सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत तेव्हा तूच ओळख, असं म्हणत होती. मला तिच्याकडे वळून बघावंसं फार वाटत होतं. पण मी वळले असते तर खांद्यावरून फट पडली असती.

मी त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले. तो विझेपर्यंत हलले नाही. विझल्यावरही हलले नाही, कारण त्यांचा भरवसा नव्हता.